वीज गेली की बाळ उठतं

शेजारचे यंत्रमाग चालू असले की ते गाढ झोपतं.
माग थांबले की दचकतं,
जणू कुणी डोक्यावरचं छप्परच काढून नेलं.
चोवीस दिवसांचं आहे.
नाव नाही अजून,
पण वीज कधी जाते ते पाठ.

तेरेजा म्हणते, आंब्रोज ठेवू या.
जेरोम म्हणतो, आंब्रोज म्हणजे आंबा.
बाप्तिस्म्याला अजून दोन रविवार आहेत, असं म्हणून
मी प्रश्न पुढे सरकवते
हातचा एक सरकवावा तसा.

आमची शाळा आठला भरते,
म्हणजे नळाला पाणी नसेल तर.
पाचव्या दिवशी पाणी येतं
आणि त्या दिवशीचं गणित पिंपात असतं:
एका पिंपात बारा घागरी, तर अडीच पिंपांत किती?
जेरोम पाटी न घेताच सांगतो, तीस.
त्यानेच ओतलेल्या असतात.

नरसम्मा जिन्यात अडवते.
बाळंतिणीसाठी लसणाचं कारम हातात देते आणि विचारते,
"पोरांची शाळा सुटली, का सोडली?"
मी कारमाचा वास घेते, छान झालंय म्हणते.

काय सांगू तिला?
नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्यांत
लाल शाईने बरोबर-चूक करत होते,
आणि त्याच इमारतीत, दोन वर्ग पलीकडे,
माझा मुलगा हजेरीला उभा राहायचा
आणि "प्रेझेंट"च्या प पाशी अडायचा.
प. प. प.
बाईंना घाई असायची, त्या पुढचं नाव घ्यायच्या.
वर्षअखेरीला पत्रक घरी आलं:
एकशे चार दिवस गैरहजर.
रोज माझं बोट धरून गेलेला मुलगा.

लाजरस कारखान्यातून टॉवेल आणतो, डागी माल,
परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलचं नाव विणलेला,
त्यातलं एक अक्षर मागावर उलटं पडलेलं.
बाळ त्यातच गुंडाळलेलं असतं.
तेरेजा इंग्रजी त्याच्या पोटावरून वाचायला शिकली,
आणि आता सुलटं अक्षर दिसलं
की तिला ते चुकीचं वाटतं.
(हे माझं अपयश. मी ते वहीत लिहून ठेवलंय.)

दुपारी मात्र मला शिकवता येत नाही.
पत्रे तापतात, दूध पाझरून गाऊन ओला होतो,
तेरेजा भांडते, मीही भांडते,
कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खातो
आणि त्यालाच भूगोल म्हणतो.

संध्याकाळी जपमाळ.
माग पलीकडे खटक-खटक चालू असतात,
जेरोम त्या ठेक्यात शब्द टाकतो
आणि "पवित्र मारिये" म्हणताना
प नुसता निघून जातो, उंबरा ओलांडावा तसा.
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
मी तर नाहीच.

काल मधेच वीज गेली.
माग थांबले. सगळी गल्ली थांबली.
जेरोम म्हणाला, "प—"
आणि तिथेच उभा राहिला.
अंधारात मला पुन्हा तो वर्ग दिसला.
शब्द माझ्या ओठांवर आला होता.
लाजरसने माझा गुडघा दाबला, थांब.

तेवढ्यात बाळ उठलं,
रडण्याआधीचा तो लांबलचक श्वास घेतला,
आणि जेरोमने त्याला थोपटायला सुरुवात केली,
उलट्या अक्षराच्या पाठीवर, तळहाताने,
खटक-खटक, खटक-खटक,
अगदी मागासारखं,
आणि थोपटता थोपटता त्यालाच सांगितलं,
"पवित्र मारिये..."
हळू, शेवटपर्यंत.
बाळ ऐकत होतं, की नुसतंच गप्प होतं,
कोण जाणे.

मग मेणबत्ती सापडली.
कितवा मणी चालू होता, कुणालाच आठवेना.
तेरेजा म्हणाली, दहा झाले.
मी मोजले होते आठ.
आम्ही दहा धरले.