कारणाचा रकाना

निरोगी काळीज पाण्यात बुडतं.
बत्ताशीच्या काळजाचा तुकडा
बादलीत सोडला तसा वर आला
आणि वरच राहिला,
पिवळट, कडा गोलावलेल्या,
मोरीत भिजत पडलेल्या साबणाच्या वडीसारखा.
सुरी दोनदा धुतली, तरी बुळबुळीत.

पारडी नाक्याच्या पलीकडे
रत्नमाला गायधनेंचा गोठा, पत्र्याचा, सहा दावणींचा.
पहिल्यांदा गेले तेव्हा डिसेंबर होता,
हातपंपाचं पाणी बोटांना चावत होतं,
आणि मान कुशीत घालून बसली होती गाय.
तोंडाशी वाकले. वास गोड,
नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखा.
मुताच्या नळीत जांभळं कडं उमटलं
लुगड्याच्या काठाइतकं ठळक.

"पाच दिस झाले जी, तोंडच लावत नाही.
विऊन बारा दिस. दूध तेवढं देते."

दूध तेवढं देते.
हेच तर.

आटवली तेव्हापासून दोन महिने
बाईंनी तिला सरकी घातली, ढेप घातली,
लेकीच्या बाळंतपणातला उरलेला गूळसुद्धा.
पाठीचा कणा दिसेना, शेपटीच्या मुळाशी गाद्या आल्या.
गल्ली म्हणाली, हत्तीण झाली जी तुमची गाय,
आणि बाईंनी तिची दृष्ट काढली, मीठ-मिरच्यांनी.

मग वासरू आलं आणि भूक गेली.
कासेला हे कुणी कळवलं नाही.
ती मागत राहिली, शरीर उपसत राहिलं
पाठीवरचं, बरगड्यांवरचं, जिथलं मिळेल तिथलं,
आणि ती सगळी चरबी रक्तावाटे
एकाच दाराशी येऊन उभी.
काळीज एकटं. किती जाळणार, किती पुढे धाडणार?
त्यानं घेतलं, ठेवून घेतलं,
लग्नघरात पाहुणे निजवतात तसं ओळीनं,
शेवटी यजमानालाच
कूस बदलायला जागा उरली नाही.

शिरेतून ग्लुकोजच्या बाटल्या गेल्या.
तिसऱ्या दिवशी पहाटे फोन.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर उघडलं तिला.
माझ्या पुस्तकात यकृत लिहिलंय.
यकृत म्हटलं की हात थरथरत नाही.
पण बाई तारेच्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या,
"काळीज दाखवा मले."

दाखवलं.
त्यांनी अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.
"लोण्यावानी हाय," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं,
"उपाशी मेली ना जी ते? मंग एवढं आलं कुठून?"
मी पाठीकडे बोट दाखवलं.
त्या पाठीकडे बघत राहिल्या,
आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

मृत्यूचं कारण : चयापचयातील बिघाड.
एवढं लिहूनही रकान्यात दोन ओळी रिकाम्या होत्या.
तिरकी रेघ मारून बंद केल्या. नियम आहे.

निघताना गोठ्यात डोकावले.
वासरू दुसरीच्या कासेला झोंबत होतं.
कोपऱ्यात गाभण जांभळी, महिन्याभरात विणारी,
तिच्यापुढची ढेपेची पाटी
बाईंनी उचलून कमरेशी धरली होती.
"किती ठेवू?"
"अर्धी," मी म्हटलं.

त्या मूठ मूठ काढत गेल्या.
गाय पाटीकडे बघत होती.
शेवटची मूठ त्यांनी परत टाकली.