तिकिटामागचे सुट्टे

आक्काताई, विचारलंस ना, बोटीला किती पडले?
बस आधी. भडंग घे.
अठ्ठावीस वर्षं सांगली डेपोत तिकिटं फाडली मी,
भाड्यात मला कुणी गंडवत नाही.

जाहिरातीत होतं : दोन रात्री, माणशी तेरा हजार.
खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात
बंदराचा कर वेगळा, जीएसटी वेगळा, सेवेचे पैसे वेगळे.
म्हणजे पाटी जतची
आणि गाडी कवठ्यापर्यंतच.
सगळं धरून साडेअठराला बसली.
शनिवारची धरली असती तर बावीस.
रिटायर बाईला कसला शनिवार आणि कसला मंगळवार.

खिडकीची खोली घेऊ नको.
पाच हजार जादा, आणि रात्रभर काचेत
आपलंच तोंड.
आम्ही आतली घेतली, खालच्या मजल्यावर, बरोबर मधोमध.
मागच्या चाकावरची सीट कशी आदळते, ठाऊक आहे ना,
तसंच बोटीच्या टोकाचं.
तरी रेहानाला उमळलंच.
मिरज डेपोची बाई, सगळा घाट उभ्यानं केलेली,
आणि सपाट पाण्यावर आडवी.
आलेपाकाच्या वड्या कनवटीला असू देत.

फोन बंद ठेव, म्हणजे बंदच.
रेहाना जावयाशी चार मिनिटं बोलली, सहाशे गेले.
त्यातली तीन मिनिटं ‘आवाज येतोय का?’

पाणी जेवणाच्या हॉलमध्ये फुकट,
खोलीतली बाटली दोनशेची. तिला हात लावू नको,
आपली भरून आण.
खाणं बाहेरचं नेऊ देत नाहीत.
माझी भडंगाची पिशवी मशीनमधून गेली,
पलीकडच्या पोरानं वास घेतला, हसला,
आणि ठेवून घेतली.

खोली आवरायला लालरिना म्हणून मुलगा, मिझोरामचा.
नोकरी लागेपर्यंत समुद्र बघितला नव्हता म्हणाला.
टॉवेलाचा हंस करून गादीवर बसवून गेला.
रेहाना म्हणाली, हा मोडायचा कसा गं?
दोन रात्री आम्ही आपापल्या पंच्यानं अंग पुसलं.
निघताना त्याला शंभराच्या तीन नोटा दिल्या.
म्हणाला, मॅडम, सर्व्हिसचे कापलेत आधीच.
मी म्हटलं, कापलेले मला दिसले,
तुला पोचलेले दिसले नाहीत.

दुसऱ्या रात्री एकटीच वर गेले, डेकवर.
पाणी बघितलं की माझे डोळे पातळी शोधतात,
आयर्विन पुलाच्या पट्टीवर शोधायचे तशी.
इथं खांब नाही, पट्टी नाही.
किती फुटावर आहे, विचारू कुणाला?

याआधी बोटीत एकदाच बसले होते मी.
गच्चीच्या कठड्यावरून उतरवलं होतं,
मांडीवर गॅसचं पुस्तक, शेजारणीचं मांजर
आणि खाली आपलीच गल्ली, दुकानांच्या पाट्या पायाशी.
वल्हं मारणारा हरिपूरकडचा असावा.
भाडं विचारलं तर म्हणाला, मावशी, खाली वाका, तार आहे.
तेवढंच बोलला.
नाव विचारायचं राहिलं.
विनातिकीट कुणाला कधी बसू दिलं नाही मी,
सख्ख्या दिराला विट्याच्या फाट्यावर उतरवलंय,
आणि स्वतः बसले.

सुट्टे नसले की आपण तिकिटामागं आकडा लिहायचो ना,
उतरताना मागून घ्या म्हणून?
खोलीचं कार्ड परत घेत नाहीत, हे बघ.
डेकवर त्याच्या मागं लिहायला घेतला आकडा.
पेन धरून बसले
पलीकडचे दिवे दिसेपर्यंत.
कोरंच आहे अजून.

तर साडेअठरा.
वर मुंबईपर्यंत एसटी, ती अर्ध्या तिकिटात.
आणि एक दोरी ने बरोबर.
साडी वाळत घालायला तिथं
एक खिळासुद्धा नाही.