ताळा

पाचवी 'ब'च्या फळ्यावर मी दरवर्षी लिहिते:
वजाबाकी झाली की ताळा करून बघा.
मुलं विचारतात, उत्तर बरोबर असलं तरी?
बरोबर असलं तरी.

मतदानाला तीन आठवडे होते. हडपसरच्या मंडईत
मेथीच्या जुड्या सरकवून मिळालेल्या जागेत
मी यंत्र मांडून बसले. नमुन्याची चिन्हं: पेरू, कपबशी, शिडी.
बटण दाबा, लांब बीप, काचेमागे चिठ्ठी उजळते
सात सेकंद. मग कटून आत पडते.
शेजारी नौशीन बागवान, मतदारयादी मांडीवर,
"कार्ड असलं म्हणजे नाव असतंच असं नाही, बघून घ्या,"
सकाळपासून हे एकच वाक्य, घसा बसेपर्यंत.

साळूबाई घुले लिंबं विकतात.
त्यांनी पेरू दाबला, शिडी दाबली, पुन्हा पेरू.
मग वाकून पेटीच्या बुडाशी बघितलं.
"पडली ती मोजतं कोण?"
मी म्हटलं, सोडत काढून पाच केंद्रं निवडतात,
तिथल्या मोजतात.
"आन बाकीच्या?"
मी माहितीपत्रक उलटलं. मागची बाजू कोरी.

"गोणी घेताना मी वरली लिंबं बघत न्हाई," त्या म्हणाल्या,
"मधोमध हात घालते.
आन हात माझा असतो, इकणाऱ्याचा नसतो."
एवढं लेखापरीक्षण
प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत कुणी शिकवलं नव्हतं.

मतदानाची पहाट, साडेपाच, धनकवडीतली शाळा.
वर्गात कालच्या डब्यांचा वास.
अभिरूप मतदान: पन्नास मतं, प्रतिनिधींच्या देखत.
दिंबळे जांभया देत बोटं मोडून मोजत होते.
पन्नास चिठ्ठ्या बाहेर काढल्या, प्रत्येकीवर शिक्का,
काळं पाकीट, लाख.
तेवढ्यात दिवे गेले. कुणी मेणबत्ती शोधायला धावलं.
रांगेतून हाक आली, सात वाजले की हो!
आणि पुसून टाकायचं बटण
मी दाबलं नाही.

संध्याकाळी नोंदवहीतला आकडा उतरवला: सहाशे एक्याऐंशी.
यंत्रालाही विचारायचं होतं. एक बटण.
बाहेर बस हॉर्न देत होती.

मोजणीला यंत्र म्हणालं, सातशे एकतीस.
मला बोलावणं आलं. गोदामात आवाज फुटलेला,
जाळीपलीकडे फोन वर झालेले,
'चोरी' हा शब्द येऊन माझ्या पाठीला चिकटला.
फरक किती ते मला दारातच कळलं होतं.
सांगितलंही.
पण माझ्या सांगण्याला तिथे किंमत नव्हती.
नसायलाच हवी होती.

मग पेटी उघडली.
चिठ्ठ्या: गुळगुळीत, कडेला वळलेल्या, नखाएवढं चिन्ह,
पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, रबरबँड,
एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं समोरासमोर बसून
एकच आकडा ओठांत म्हणत होती.
दिंबळ्यांची झोप पार उडालेली.
रात्री सव्वानऊ: सहाशे एक्याऐंशी.
काळं पाकीट: पन्नास.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
एकजण म्हणाला, "चहा मागवा रे."

कारणे दाखवा नोटीस पर्समध्ये आहे,
किराणा यादीच्या घडीत.
कारण एकच, आणि ते मीच फळ्यावर लिहिते.

साळूबाईंना सगळं सांगितलं, माझी चूक धरून.
त्या लिंबं निवडत ऐकत होत्या.
"मोजलं म्हणून कळलं म्हणायचं."
हो.
"मंग न मोजलेल्यांचं?"
तिथे काही चुकलं नसेल, म्हटलं. बहुतेक.
हा शब्द मुलांच्या वहीत आला
तर मी लाल पेनाने खोडते.

पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांचा प्रश्न लिहून घेतलाय.
उत्तर अजून नाही.
हातचा म्हणून ठेवलाय.