हिंदुरावाची जबानी

एकतीस वर्षं बडोद्याच्या कोर्टात
दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं मी.
लघुलिपीत, गुजरातीतून.
एक रेघ हलकी, एक गडद, मध्ये टिंब.
साक्षीदार थांबला की पेन्सिल थांबायची.
तो खोकला, तर खोकला घ्यायचा नसतो.

आता वाचनालयातल्या बुधवारच्या वर्गात
सर फळ्यावर वर्तुळ काढतात.
इथून नायक निघतो, म्हणतात,
हा उंबरठा, हा खालचा अंधार,
आणि इथे तो परत येतो, हातात काहीतरी घेऊन.
खडू कर्रकन वाजतो. घड्याळासारखे बारा भाग.
"पुढच्या बुधवारी गोष्ट आणा. स्वतःची."

पहिल्यांदा त्याचं नाव रणधीर ठेवलं.
तो खुर्चीतून उठलाच नाही.
साद आली, असं लिहिलं. तर म्हणे, कुणाची?
घोडा आणून दिला. म्हणे, बांधू कुठे,
रावपुऱ्यात स्कूटर लावायला जागा नाही.
तीन पानं फाडली.
चौथ्यावर लिहिलं : हिंदुराव मोहिते,
वीज कंपनीत मीटर वाचतो, पित्ताचा त्रास.
लगेच चपला शोधू लागला.

डिसेंबर. रात्रीचे साडेअकरा.
वाडीतल्या एका बाईचा फोन,
मीटरच्या फळीवर खडूनं लिहिलेला
तेवढाच एक नंबर तिला अंधारात दिसलेला :
"मोटाभाई, बाथरूममां मगर छे."
कांसेतून वर आली असणार, विश्वामित्रीची.

नायकानं आधी नकार द्यावा, असं सर म्हणतात.
तो मला शिकवावा लागला नाही.
"ते माझं खातं नाही," हिंदुराव म्हणाला,
आणि हे वाक्य तर माझे हात झोपेतही लिहितात.

गुरू कुठून आणू? पांढरी दाढी हवी.
कोपऱ्यावर शेवउसळवाले नटुकाका
पातेलं घासत होते, त्यांनाच लावली.
ते मान वर न करता म्हणाले,
"ओलं पोतं टाक डोळ्यांवर.
डोळे झाकले की जनावराला वाटतं, रात्र झाली.
माणसालाही."

मग सायकलच्या ट्यूबनं बांधलेला जबडा,
पुढे काका, मागे हिंदुराव,
आणि दोघांच्या मध्ये, आडवी, साडेचार फुटी,
गार, जड, श्वास घेणारी.
कोठीच्या चढावर स्कूटर दोनदा बंद पडली.
पोलिसानं हात केला, पोतं उचलून पाहिलं,
परत ठेवलं. नीट, कडा खोचून.

इथे राक्षस मरतो, सर सांगतात.
मी कुऱ्हाड लिहून पाहिली.
हिंदुरावानं ती पुलाच्या कठड्याला टेकवली
आणि गुडघ्यावर बसून ट्यूब सोडू लागला,
झोपलेल्या पोराच्या बुटाची नाडी सोडावी तशी.
काळ्या घोड्याच्या पुलाखाली
पाणी एकदा उघडलं, मिटलं.
तिनं वळून पाहिलं नाही. कशाला पाहील?

तेव्हा तो हसला. मोठ्यानं, एकटाच.
आणि माझी पेन्सिल थांबली, सवयीनं.

अठ्ठ्याऐंशी साली एक मुलगी पिंजऱ्यात
नाव सांगता सांगता अशीच हसली होती.
साहेब म्हणाले, हे घेऊ नका.
नाही घेतलं.
ते हसू अजून माझ्याकडे पडून आहे,
एका कोऱ्या ओळीवर, तारीख घातलेली.

लघुलिपीत हसण्याला खूण नाही.
मी एक केली. उलटा चंद्र, खाली दोन टिंबं.
बरी दिसते.

उद्या बुधवार.
वर्तुळ काही जुळत नाही,
हातात आणायचं म्हणाल तर ओलं पोतं आहे.
हिंदुराव मोरीत हात धुतोय केव्हाचा,
वास जात नाही म्हणतो, साबण सरत आला.
मी टोक काढून बसलेय.
सावकाश सांग, त्याला म्हणते, घाई नाही,
खोकलास तरी घेईन.