शेऱ्याचा रकाना

नवतप्याचा चौथा दिवस. खिशात कांदा,
खांद्याला टेप, डब्यात पांढरा रंग.
मी झाडं मोजतो. जूनपर्यंतच्या बोलीवर,
खामल्याकडून प्रतापनगरच्या दिशेनं.

फॉर्मला रकाने अकरा:
जात, घेर, उंची, जिवंत की वाळलेलं,
तारांना अडतं का, रस्त्याला अडतं का.
सावलीचा रकाना नाही.
हलते म्हणून असेल.

क्रमांक चारशे बारा. कडुनिंब.
घेर एकशे ऐंशी.
सिमेंट रोड आला तेव्हा
बुंध्यापर्यंत ओतत नेलाय,
बोट शिरेल एवढी फट नाही.
लेव्हल मात्र अगदी पाण्यासारखी.

खाली पंचफुला निनावेचं शिलाई मशीन.
पायडल न थांबवता म्हणाली,
"काहून गा, कापून राहिले का?"
म्हटलं, नाही बाई, मोजून राहिलो.
"आधी मोजतेत, मंग कापतेत."
अन् दोरा दातानं तोडला.

मग तिनं फुटपाथवरच्या खुणा दाखवल्या,
खडूच्या, कापडावर मारतात तसल्या.
नऊला मशीन इथं. अकराला हातभर तिकडं.
बारा ते दोन बुंध्याला पाठ लावून.
चारला पार पानठेल्यापाशी.
"मागच्या साली हे शेवटची खूण
इथवर होती," टाचेनं जागा दाबत,
"औंदा आखडून बसा लागते."

मी टेप लावला. एक मीटर वीस.
एका वर्षात एवढा निंब गेला होता
आणि माझ्या फॉर्मात तो जिवंत होता.

साहेब म्हणाले, अर्ज करा.
अर्ज केला. पोच मिळाली.
सातनंतर, ऊन उतरल्यावर,
मी, तिचा पोरगा नि पानठेलेवाला बबलू डोंगरे,
एकच सब्बल, आळीपाळीनं.
चौथ्या दिवशी हातभर माती दिसली,
भाजल्या विटेच्या रंगाची.
तिच्यात एक मूळ वर वळलेलं,
सिमेंटच्या पोटाला घासत,
वाट चुकून परत निघाल्यासारखं.

वरच्या माळ्यावरची मुलगी
कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी घेऊन आली.
ओतलं. थांबलं नाही ते,
गेलं.
कुणी काही बोललं नाही.
पंचफुलानं बादली उलटी करून झटकली.

शेऱ्यात मी लिहिलं:
खाली एक शिलाई मशीन, दिवसभर सरकणारं.
साहेबांनी लाल पेनानं खोडलं.
शेऱ्यात फक्त रोग लिहायचा.

पुढं चारशे तेरा.
जुन्या यादीत चिंच.
जागेवर नुसता सिमेंटचा गोल,
बाकीच्या रस्त्यापेक्षा थोडा गोरा.
मी पंचफुलाला विचारलं,
याची सावली कुठवर यायची?

हातातला खडू घेऊन ती उठली
आणि विचार न करता
रस्ता ओलांडून पलीकडं गेली.