डावीकडे

चैत. अजून उजाडायचंय.
मोहाखालची जमीन जाळून काळी केलेली,
तिच्यावर फुलं, फुगीर, ओली,
बोटांना चिकटणारी.
जैवंतामावशी उकिडवी बसून वेचते,
दोन्ही हातांनी, कोंबडी टिपते तशी.
डोळे फुलांवर. मान खाली.
पण मावशी इथं नाहीच.
ती आहे डावीकडे,
वीस हातांवर, बांबूच्या रांजीत.

"डोरे खालीच ठेव," मला म्हणते,
"वर पायत बसली तं टोपली कवा भरन?
जीव तेवढा तिकडं ठेव."

हेच मी नागपुरात शिकले होते, तीनशे रुपयांवर.
हनुवटी टेकवायला खाच,
डोक्यावर तारांची टोपी, केसांत गार चिकट काहीतरी
(तीनदा धुतलं तरी जाईना),
पडद्याच्या मधोमध एक फुली.
नजर फुलीवरच. लक्ष डाव्या कोपऱ्यात.
पापणी हलवायची नाही, आणि तरी जायचं तिकडे.
गेले.
सहारे मॅडमनी मग रेघा दाखवल्या:
डोळा जागचा हलला नाही तुझा,
पण तू डावीकडे गेलीस
आणि डोक्याच्या मागं, उजव्या अंगाला,
हे बघ, इथं बदललं.

एकेक पेशी अशी टोपी घालून ऐकू येत नाही, म्हणाल्या.
ती माकडांत ऐकलीय.
प्रत्येकीला जगाचा एक तुकडा नेमून दिलेला,
बांध घातलेल्या वावरासारखा.
त्या वावराकडे लक्ष गेलं की ती जोरात तडतडते.
काही तर तिथं काही दिसायच्या आधीच
दबक्या आवाजात सुरू होतात.
आणि शेजारणींचा एकसुरी गलका थांबतो,
जी ती आपापलं बोलू लागते,
म्हणून नीट कळतं.

मला इथली वानरं आठवली,
जी सगळ्यांच्या आधी खाकरतात.

दोन वर्षं झाली. याच रांजीतून.
मावसाची एक चप्पल सापडली, एक नाही.
वनखात्याचे पैसे आले, घरावर पत्रे चढले.
मावशीच्या डोक्यात मागं, उजव्या अंगाला,
त्या पेशी अजून निजल्या नाहीत.
चुलीपुढं बसली तरी डावीकडे रान.
लग्नाच्या पंगतीत, डावीकडे कोण, ते आधी.
सून उजवीकडून भाकर वाढते
तर दचकते,
त्या बाजूला कुणी राहत असेल
हे तिला ठाऊकच नसल्यासारखी.

आज मी म्हटलं, मावशी, तिकडून मी बसते.
काही बोलली नाही.
थोड्या वेळानं टोपली उचलली
आणि माझ्या उजव्या हाताला सरकली.

आता रांजी माझी.
मी फुलंच पाहत होते. खरंच, फुलंच.
एक पान हललं
आणि माझ्या आत कुठंतरी शंभर तोंडं एकदम उघडली.
वारा.
मग घोरपड. घोरपडच असावी.

उजाडलं. वानरं खाली उतरली, गप्प.
मावशीनं माझी टोपली कलती केली:
अर्धा पाचोळा, खडे, दोन कोळसे,
टोळाची एक तंगडी.
"हे काय येचलं वं तू?"
आणि हसली, किती दिवसांनी, तोंडाला पदर लावून.

मी टोपलीत पाहिलं.
इतका वेळ माझे डोळे तिथंच होते.