पंचाहत्तर मायक्रॉनखाली

सोहारच्या बंदरामागं काँक्रीटचा प्लान्ट,
तिथं एक पत्र्याची केबिन, तिला लॅब म्हणतात.
मी चाळण्या हलवतो.
शेवटच्या चाळणीतूनही जे गळतं
त्याला रोडेल म्हणतो फाइन्स,
मी फॉर्मवर टक्के लिहितो.
एवढं वाळवंट दारात, पण त्यातली पाटीभर चालत नाही.
वाऱ्यानं घासून घासून कण असे गुळगुळीत केलेत
की कशालाच धरत नाहीत.
कामाची वाळू डोंगर फोडून करावी लागते.
पहिल्या दिवशी मला हे खोटं वाटलं होतं.

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला येता येत नाही,
कळवलं वृषालीला.
उत्तर आलं: फाइन.
पुढं टिंब.
ते टिंब कुठल्या चाळणीवर अडतं
मला अजून सापडलेलं नाही.

मुबीन परकार, म्हाप्रळचा.
कराराच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात काय होतं
ते त्यानं तिसऱ्या वर्षी वाचलं,
माझ्या लॅबमधलं भिंग मागून.
तोवर कंपनीला कुलूप, व्हिसा सरलेला,
आणि रोजची फाइन.
तो झोपला तरी ती जागी. शुक्रवारीसुद्धा.
घरी फोनवर भाचीला ओरडून सांगायचा, आय ॲम फाइन!
पोरगी इंग्रजी शाळेतली, खूश व्हायची.
खोटं कुठं होतं त्यात?
मी दंड आहे, म्हणत होता,
कालच्यापेक्षा आज थोडा जास्त.

आणि दंडावर त्याच्या तावीज,
काळ्या दोऱ्यात, आईनं बांधलेला, करकचून.
या उन्हाळ्यात तो कोपरापाशी घसरू लागला.
बोलता बोलता मुबीन तो वर सारायचा,
कुणी चष्मा सारावा तसा.
बारीक झालायस रे, मी म्हटलं.
फाइन, तो म्हणाला,
आणि आम्ही इतके हसलो
की रोडेल दार उघडून बघून गेला.

इथं आल्यावर पहिला शब्द शिकलो तो माफी.
म्हणजे नाही. शिल्लक नाही.
पाणी माफी, बस माफी, पगार माफी.
कुणी कुणाला क्षमा करत नसतं त्यात,
नुसतं नसतं.

मग मुदत जाहीर झाली:
कागद आणा, तिकीट आणा, जा.
पहाटे चारपासून रांगेत उभे आम्ही.
खिडकीत खल्फान नावाचा पोरगा, कडक इस्त्रीची डिशडाशा.
आकडा बघून त्यानं भुवई उचलली,
एक कळ दाबली,
वर न बघता म्हणाला,
फाइन माफी.

मुबीननं माझ्याकडं पाहिलं.
कुठल्या भाषेत म्हणाला हा?
मी त्याच्या बाजूनं चाळून पाहिलं,
आपल्या बाजूनं चाळून पाहिलं,
दोन्ही वेळा तेवढंच भरलं.

निघताना त्यानं दोऱ्याला नवी गाठ मारून घेतली माझ्याकडून.
माझा अंगठा आणि मधलं बोट
त्याच्या दंडाला वळसा घालून
एकमेकांना टेकले.
मी काही बोललो नाही.

रात्री वृषालीनं विचारलं, कसा आहेस?
मी काही टाइप करायच्या आत
फोननंच तो शब्द पुढं केला.
तो घेतला. पुसला.
केबिनमधला एसी थांबला, परत सुरू झाला.
तळाच्या थाळीत आजचे फाइन्स तसेच होते,
वजन करायचं राहिलेलं.